एलईडी लाइट सोर्स तापला की निळा प्रकाश कमी होतोय, आतला आरसा नक्की कसा बसवायचा?

फिजिक्सवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट गळ्याशी आलाय म्हणून इथे विचारतोय. आमच्या बॉटनीच्या मॅडमना पानावर निळा आणि लाल प्रकाश आलटून पालटून टाकायला छोटा लाइट सोर्स हवा होता, विकतचा परवडत नाही, मी उत्साहाच्या भरात म्हटलं आपण करू की त्यात काय, आणि आता पस्तावतोय.

आतली मांडणी सांगतो. एक लाल एलईडी ६६० नॅनोमीटर, एक निळा ४७०, दोन्ही ३ वॅटचे. प्रत्येकासमोर ५० मिमी फोकल लेंग्थची, २५ मिमी व्यासाची काचेची लेन्स. मधे ४५ अंशात डायक्रॉइक आरसा, १ मिमी जाड, लाल त्याच्या आरपार सरळ जातो आणि निळा त्यावर आपटून वळतो, मग दोन्ही एका वाटेने ३० मिमी फोकल लेंग्थच्या लेन्समधून ६०० मायक्रॉनच्या ऑप्टिकल फायबरमध्ये. फायबरच्या दुसऱ्या टोकाला बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (उजेड मोजणारा सेन्सर) लावून मोजतो. बॉक्स सगळा पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलाय, दोन्ही एलईडींचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) त्याच बॉक्सच्या भिंतींना चार चार स्क्रूंनी आवळलेत, आरसा प्रिंटमधल्या खाचेत सरकवलाय आणि चार कोपऱ्यांना इन्स्टंट ग्लूचा एकेक थेंब.

चालू केला की झकास. पण २० मिनिटांत निळा ३२ टक्के खाली येतो, लाल मात्र ९ टक्केच. बंद करून सकाळी लावला की बराचसा परत येतो पण पूर्ण नाही, रोज थोडा थोडा कमीच होत चाललाय. करंट स्थिर आहे, मीटर लावून बघितलाय. गाइड सर म्हणतात एलईडी तापला की प्रकाश कमी होणारच, मोठा हीटसिंक लाव. रूममेट म्हणतो ग्लू अजून ओत. आणि आरशाच्या कडेला आणि जवळच्या लेन्सवर पांढरं धुरकट काहीतरी आलंय ते वेगळंच. सबमिशनला ३ आठवडे आहेत, वाचवा.

जुना_प्रोजेक्टरवाला

सरांचं अर्धं बरोबर आहे. एलईडी तापल्यावर उजेड कमी होतो हे खरंच, पण उष्णतेनं जास्त मार खातो तो लाल, निळा त्यामानानं चिवट असतो, दोघांच्या आतलं मटेरियलच वेगळं. म्हणजे दोष फक्त एलईडीचा असता तर तुझा लाल जास्त पडायला हवा होता आणि निळा कमी. तुझ्याकडे बरोब्बर उलटं झालंय. तेव्हा निळ्याच्या वाटेत असं काय आहे जे लालच्या वाटेत नाही ते बघ, उत्तर तूच लिहिलंयस, लाल आरशातून आरपार जातो आणि निळा त्यावरून वळतो. सपाट काच थोडी कलली तरी आरपार जाणाऱ्या किरणाची दिशा बदलत नाही, जरासा बाजूला सरकतो इतकंच. परावर्तित किरणाचं तसं नाही, आरसा जेवढा कलेल त्याच्या दुप्पट किरण कलतो. म्हणून तुझा आरसा हलतोय असा माझा संशय.

पण संशयावर बॉक्स फोडू नकोस, आधी खात्री कर, सोपी आहे. २० मिनिटं चालवून निळा पडू दे, मग फायबरचं टोक हळूच वर खाली डावीकडे उजवीकडे सरकवून बघ. सरकवल्यावर उजेड परत आला तर ठिपका फायबरवरून घसरलाय. नाही आला तर सर जिंकले.

आणि हीटसिंक किती तापतो तेही सांग. हो, बॉक्स उघडा ठेवून ४७० च्या एलईडीत डोळे घालून बघत बसू नकोस, एवढासा दिसतो पण डोळ्याला वाईट.

फिजिक्सवाला_कोल्हापूर

आत्ताच करून आलो काका. फायबर एका बाजूला किंचित सरकवला आणि निळा जवळजवळ सगळा परत आला!! तेव्हा लाल कमी झाला. हीटसिंक निळ्याच्या बाजूचा ५८ डिग्री, बॉक्सची समोरची भिंत ३० च्या आसपास.

जुना_प्रोजेक्टरवाला

५८ डिग्रीच्या धातूला पीएलए चिकटवलंयस?? अरे पीएलए साठच्या जवळपास मऊ पडायला लागतं. आवळलेल्या स्क्रूखाली ते रोज थोडं थोडं दबत जाणार, म्हणून तर सकाळी पूर्ण परत येत नाही. तुझी दोन दुखणी आहेत, एक रोज फुगून परत बसणं आणि दुसरं कायमचं वाकणं.

आकडेमोड_करणारा

मला राहवत नाही म्हणून गणित करून टाकतो. पीएलए एका डिग्रीला मीटरमागे साधारण ६८ मायक्रॉन फुगतं. तुझी भिंत ३० मिमी धरली आणि एक बाजू ५८ ला, समोरची ३० ला, म्हणजे २८ डिग्रीचा फरक, तर एक बाजू दुसरीपेक्षा ५७ मायक्रॉन उंच. हा फरक २५ मिमीच्या पायावर पडला तर आरसा अंदाजे २.३ मिलिरेडियन (साधारण ०.१३ अंश) कलला. किरण दुप्पट म्हणजे ४.६ मिलिरेडियन. पुढे ३० मिमीची लेन्स, गुणलं की फायबरवर ठिपका १४० मायक्रॉन सरकला. तुझ्या एलईडीतली उजेड देणारी चिप १ मिमीची धरली तर तिची प्रतिमा ५० आणि ३० च्या लेन्समधून ०.६ मिमीची पडते, म्हणजे फायबरएवढीच, जास्तीचा उजेड कडेला शिल्लकच नाही. ०.६ चं वर्तुळ ०.६ च्या भोकावरून १४० मायक्रॉन घसरलं की ३० टक्के उजेड बाहेर. तू ३२ मोजलास. इतकं जुळणं हा थोडा योगायोग आहे कारण भिंत आणि पाया मी मनानंच धरलेत, पण कुठल्या आकाराची गोष्ट आहे ते कळलं असेल. केसाच्या जाडीपेक्षा कमी हालचाल आणि तिसरा हिस्सा उजेड गायब.

याउलट एलईडीच समजा ५० मायक्रॉन बाजूला सरकला तर फायबरवर फक्त ३० मायक्रॉनचा फरक. म्हणून सगळ्यात जास्त काळजी आरशाची, मग फायबरच्या टोकाची, लेन्स आणि एलईडी त्यानंतर.

मेकर_भावसार

मग एवढं काय डोकं लावताय, एबीएस प्लास्टिकमध्ये प्रिंट मार, १०० डिग्रीपर्यंत मऊ पडत नाही. किंवा पीईटीजी. भिंती ५ मिमी जाड कर, इन्फिल (भिंतीच्या आतला भराव) १०० टक्के. खेळ खल्लास.

आकडेमोड_करणारा

भावसार, मऊ पडणं थांबेल, फुगणं नाही थांबणार. एबीएस पीएलएपेक्षा जास्तच फुगतं. आणि जाड भिंत पण तेवढीच फुगते हो, जाडीनं काय होणार. प्लास्टिकची खरी खोड म्हणजे ते उष्णता पसरू देत नाही, एक टोक तापलेलं आणि दुसरं गार, त्यामुळे वाकडं फुगतं. ॲल्युमिनियमसुद्धा फुगतं, डिग्रीला मीटरमागे २३ मायक्रॉन, म्हणजे काही कमी नाही, स्टीलच्या दुप्पट. पण ते उष्णता झटकन सगळीकडे वाटून टाकतं, पूर्ण प्लेट एकाच तापमानाला येते, सगळीकडून सारखी फुगते, आणि सारखं फुगलं की कोन बदलत नाही. आपल्याला कोन हवाय, लांबी थोडी इकडं तिकडं झाली तर इथे कुणाला फरक पडत नाही.

अवांतर, पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीत हीच युक्ती वजनाच्या बाबतीत आहे. नळी कुठल्याही दिशेला वळवली की ती वाकणारच, इतक्या टनांचं लोखंड वाकू नये असं काही करता येत नाही, म्हणून सेरुरिए नावाच्या इंजिनिअरनं सांगाडा असा केला की दोन्ही टोकं सारखीच आणि समांतर खाली येतात. हलू दे, पण बरोबरीनं हलू दे.

मेकर_भावसार

बरं बाबा पटलं. पण त्याच्याकडे मिलिंग मशीन (धातू कापून आकार देणारं) आहे का ते विचारा आधी.

टर्नरमामा_शिरोली

मिलिंगचं मी बघतो, कोल्हापुरात राहून मिलिंगची चिंता करायची म्हणजे समुद्रात बसून मीठ शोधायचं. भावा ऐक आता. १० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट घे, भंगारातली चालती पण एका बाजूनं फेस मारून सपाट करून घे. लेन्स, आरसा, फायबरचं टोक सगळं त्या एका प्लेटवर. बॉक्स तुझा प्लास्टिकचा असूंदे की, तो फक्त धूळ आडवायला, त्याच्यावर कायबी टांगायचं न्हाई.

आता आरसा. तू चार कोपरे चिकटवलास तिथंच चुकलास. आपली चूल तीन दगडांची का असती? जमीन कशीबी असूंदे तीन दगडांवर भांडं डुगडुगत न्हाई. चौथा दगड लावला की एक तर तो रिकामा ऱ्हातो न्हाईतर भांडं तिरकं करतो. तुझी काच १ मिमीची, चार ठिकाणी धरली तर ती पिळली जाणार आणि पिळलेला आरसा म्हंजे जत्रंतला आरसा. ४५ चा एक ब्लॉक मिल करून घे, त्याच्या तोंडावर तीन बारीक उंचवटे सोडायचे, १ मिमी वर, २ मिमी रुंद, तिन्ही एका सेटिंगमधे कापायचे म्हंजे एका पातळीत येत्यात. मधे उजेड जायला खिडकी. काच त्या तिन्हीवर टेकवायची आणि पितळेच्या पातळ पट्टीच्या तीन स्प्रिंगा, बरोब्बर त्या उंचवट्यांच्या समोर. समोर म्हंजे समोरच, जरा बाजूला दाबलं की काच वाकली. दाब किती? काच खडखडली न्हाई पायजे आणि बोटानं ढकलली तर सरकली पायजे, एवढाच.

खालच्या दोन कडांना टेकू द्यायचा झाला तर एका कडंला दोन पिना आणि दुसरीला एक. परत तीनच.

ब्लॉक प्लेटवर बसवताना स्क्रूवर भरवसा ठेवू नको. स्क्रूचं काम आवळायचं, जागा ठरवायचं काम पिनचं. दोन डॉवेल पिना मार, ३ मिमीच्या, एक भोक गोल फिट आणि दुसरं लांबट स्लॉट. दोन्ही भोकं फिट केलीस तर फुगायला जागा ऱ्हात न्हाई, मग ते वाकतंय. आणि भोक नुसतं ड्रिल करून सोडायचं न्हाई, रीमर फिरवायचा, म्हंजे भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत हुतंय.

फिजिक्सवाला_कोल्हापूर

मामा 🙏 एक नंबर. पण मग आरसा सोडून लेन्सचं काय? त्या पण घट्ट नको का धरायला? आत्ता प्रिंटमधल्या रिंगेत दाबून बसवल्यात.

येनातला_मराठी

लेन्सबद्दल मी बोलतो, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. सध्या जर्मनीत येनामध्ये असतो, ज्या गावात काच आणि लेन्सचा धंदा मोठा झाला तिथेच.

साधी ऑप्टिकल काच डिग्रीला मीटरमागे ७ मायक्रॉन फुगते आणि ॲल्युमिनियम २३. म्हणजे गरम झालं की लेन्सभोवतीचं ॲल्युमिनियमचं कडं मोठं होतं आणि लेन्स आत खुळखुळते, गार झालं की कडं लेन्सला आवळतं. २५ मिमीच्या लेन्सला ३० डिग्रीत फरक १२ मायक्रॉन, तुमच्या कामाला हे खूप नाही, पण लेन्स दाबून बसवली असेल तर गार रात्री कडेला टवका उडू शकतो. म्हणून कडं लेन्सपेक्षा जरा मोठं ठेवायचं, ०.१ मिमी पुरे, आणि समोरून आटेवाली रिंग. रिंग आणि काचेच्या मधे पातळ ओ रिंग (रबराची गोल रिंग) टाकली तर जास्त आवळायचा मोह पण होत नाही आणि काच धरून राहते. हातानं रिंग फिरवायची, पाना लावायचा नाही.

किंवा सिलिकॉननं बसवा. यात एक गंमत आहे, सिलिकॉन डिग्रीला मीटरमागे २५० च्या आसपास फुगतं, कड्यापेक्षा दहापट, मग थराची जाडी नीट निवडली तर कड्यानं सोडलेली जागा सिलिकॉन फुगून बरोबर भरून काढतं. तुमच्या २५ मिमीच्या लेन्सला ॲल्युमिनियमच्या कड्यात हा थर साधारण ०.९ मिमी येतो. लेन्स मधोमध राहावी म्हणून कडेला ०.९ मिमीच्या गळाच्या नायलॉन दोऱ्याचे तीन तुकडे उभे ठेवायचे, मधल्या जागेत सिलिकॉन भरायचं, वाळलं की दोरे ओढून काढायचे. फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातून ॲसिड सुटतं, धातूला आणि एलईडीला दोन्हीला वाईट. दुकानात न्यूट्रल क्युअर मागा, आणि बॉक्सच्या बाहेर दोन तीन दिवस पूर्ण वाळू द्या.

आता तुमचं पांढरं धुरकट. ती इन्स्टंट ग्लूची वाफ आहे. तो वाळताना वाफ सोडतो, ती जवळच्या थंड काचेवर बसून पांढरी होते. काचेच्या लेन्सवरून ॲसिटोननं निघते, कापसाचा बोळा एकदाच फिरवून टाकून द्यायचा, घासायचं नाही. प्लास्टिकची लेन्स असेल तर ॲसिटोन लांब ठेवा, लेन्सच जाईल. बंद डब्यात ऑप्टिक्स आणि इन्स्टंट ग्लू एकत्र कधीच नाही. आणि रूममेटला सांगा ग्लू जितका जास्त तितका तो वाळताना आकसून काचेला जास्त ओढतो.

गोंयकार_टेक

आमच्याकडे पणजीत हे सगळं करून वर पावसाळा असतो. लेन्स कितीही छान बसवा, ऑगस्टमध्ये तिच्यावर बुरशीची जाळी. माझ्या मायक्रोस्कोपची एक लेन्स अशीच गेली, कोटिंगसकट. कोल्हापूरला पण पाऊस काही कमी नाही. फॅन लावणार असशील तर हवा फक्त हीटसिंकवरून जाऊ दे, लेन्स आणि आरसा वेगळ्या बंद कप्प्यात, आत सिलिका जेलची पुडी. बऱ्याच घरगुती बॉक्समध्ये फॅन थेट ऑप्टिक्सवरून वारा ओढतो आणि सहा महिन्यांत लेन्सवर गालिचा.

जुना_प्रोजेक्टरवाला

+१ गोंयकार. लोक प्रोजेक्टर घेऊन येतात, दिवा गेला म्हणून, उघडलं की दिवा ठणठणीत आणि आरशावर धुळीचा थर.

एक राहिलं, उष्णता. ॲल्युमिनियमची प्लेट केलीस आणि हीटसिंक पुन्हा तिलाच आवळलास तर पूर्ण प्लेट ५० ला जाईल, कोन टिकेल पण बाकी सगळं उगीच शिजेल. निळ्याचा हीटसिंक प्लेटपासून तोडून टाक. मधे ३ मिमीचं हायलम (बेकेलाइटसारखं कडक) शीट घाल, इलेक्ट्रिकच्या पॅनेलच्या दुकानात मिळतं, उष्णता फार कमी नेतं. स्क्रू स्टेनलेसचे, साध्या ॲल्युमिनियमपेक्षा स्टेनलेस दहावा हिस्सा सुद्धा उष्णता नेत नाही.

आणि हा डबा बॉटनीत कुणीतरी स्कूटरच्या डिकीत घालून नेणार हे लिहून ठेव. आमच्याकडे लग्नाच्या वरातीतले लेझर शोचे बॉक्स येतात, ट्रॅक्टरवर, जनरेटरच्या शेजारी, वर डीजेचा बास. आतले ग्रब स्क्रू हातात गळून पडतात. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लाव, पण अगदी थेंबभर आणि धातू धातूमध्येच, प्लास्टिकला लागलं तर ॲक्रिलिक आणि एबीएसला चिरा जातात. सगळं जुळवून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या प्लेटवर नेलपॉलिशची एक रेघ ओढ, रेघ तुटलेली दिसली की कळतं कुठला फिरला ते. बायकोची लाल नेलपॉलिश यात संपते हे अनुभवानं सांगतो.

आकडेमोड_करणारा

मी इन्व्हारबद्दल लिहिणार होतो, लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू, जवळजवळ फुगतच नाही, शोधणाऱ्या गिय्योमला १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, पण त्याचा भाव बघितला आणि गप्प बसलो. शिवाय उष्णता वाटायला तो ॲल्युमिनियमच्या जवळपास पण नाही. इथे गरजच नाही.

फिजिक्सवाला_कोल्हापूर

अपडेट, १६ दिवसांनी. सगळ्यांना दंडवत.

मामांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये प्लेट आणि ४५ चा ब्लॉक करून मिळाला, पैसे घेतले नाहीत, पेढे मागितलेत. आरसा तीन उंचवट्यांवर पितळेच्या पट्ट्यांनी. पहिल्यांदा पट्टी जाड घेतली होती तर भिंतीवरचा निळा ठिपका चक्क लांबोळा दिसायला लागला, काच वाकत होती, मग पातळ घेतली तेव्हा गोल झाला. लेन्स दोन ओ रिंगवर आणि फायबरजवळची एक सिलिकॉनवर, गळाचा दोरा ०.९ चा मिळाला नाही, १ मिमीचा मिळाला, चाललं. हीटसिंक हायलमवर, फॅन बाहेरून. वरचा डबा तोच पीएलएचा, पण आता तो कशालाच धरत नाही.

आकडे: तासभर चालवून निळा ४ टक्के पडला, लाल ८. पहिल्या १० मिनिटांत जे पडायचं ते पडतं, नंतर रेघ सपाट. जिन्यावरून मुद्दाम धडधडत नेऊन परत मोजला, फरक दिसला नाही. आता त्या लालच्या ८ टक्क्यांचं काय करू?

जुना_प्रोजेक्टरवाला

तो ८ टक्के सरांचा. त्यांना द्या, ते खूश होतील. तो एलईडीच्या तापण्याचाच आहे, यंत्र बसवून जात नाही. एक तर १५ मिनिटं आधी चालू करून ठेवायचं आणि मग मोजमाप सुरू, नाहीतर फायबरच्या आधी एक साधी पातळ काच तिरकी लावून थोडासा उजेड दुसऱ्या बीपीडब्ल्यू ३४ वर घ्यायचा आणि त्यावरून करंट कमीजास्त करायचा. तीन आठवड्यातले पाच दिवस उरलेत ना, पहिलं कर. आणि ती काच लावलीच कधी तर तीन टेकूंवर, हे सांगायला नको.

टर्नरमामा_शिरोली

झकास. डॉवेलच्या भोकात रीमर फिरवलास का रं?

फिजिक्सवाला_कोल्हापूर

ड्रिलच सोडलंय मामा, रीमर बोथट होता तिथला.

टर्नरमामा_शिरोली

वाटलंच मला. शनवारी प्लेट घिऊन ये.